चार महिने दहा दिवस

— न्हाई न्हाई, तुमीच आत या वायरमनसाहेब, म्या बाहेर येत न्हाई. पाय? पाय ठनठनीत हायत माझं, पायाला काय धाड भरली न्हाई. का येत न्हाई ते सांगतो, आधी बसा तर. त्या पोत्यावर नगा, खाटंवर बसा. नवीन दिसताय तुमी, आधीचा वायरमन लांबूनच हाळी द्यायचा. बायडे! अगं, च्या टाक दोन कप, सरकारी मानूस आलाय! — हां, तर काय म्हनत हुतो, खांबावर चढायची गरजच न्हाई तुमाला. लाईटीला काय झालेलं न्हाई. तार तुटली न्हाई, डीपी जळली न्हाई, मोटर तर घोड्यासारखी हाय. ह्ये बघा. ह्या खिशात. एक, दोन, तीन. पेटीतल्या फ्यूजा. चार म्हैने झालं, माझी पाळी नसली की हितंच असत्यात माझ्याजवळ, झोपताना बी काढत न्हाई. कागद ऱ्हाऊ द्या, मागनं दाखवा. मला म्हाईत हाय काय लिव्हलंय कागदात. तक्रार हाय. जुलेखानं केलीया — शमशूच्या बायकूनं — की सहादेव रंभाजीनं माझ्या बागंचं पानी तोडलं. तर व्हय, तोडलं! लिव्हा तुमी, सहादेवानं तोडलं, चांगलं छाती ठोकून तोडलं.

तुमी म्हनाल, हा म्हातारा बायामान्सावर काय सूड घेतोय. घेतोय. ऐका मग कशापायी ते. ही ईहीर दोघांच्या बांधावर, निम्मी शमशूची, निम्मी माझी. मीटर त्याच्या नावावर, पेटी माझ्या बांधावर. चार दिवस पानी माझं, तीन दिवस त्याचं — तीस वर्षं झाली, पान्यावरनं कधी शब्दाला शब्द लागला न्हाई, कर्जत तालुक्यात फिरून बघा असली दुसरी ईहीर सापडती का. शमशू मुसलमान, आमी मराठं, पर ते कुनाच्या ध्यानात बी नसायचं. आन ही जुलेखा लगीन हून आली तवा सतरा-अठरा वर्साची पोर, पाथर्डीकडची, मागं भाऊ न्हाई, बाप न्हाई. पयल्याच दिवाळीला तबक घिऊन दारात उबी — म्हनं, माझ्याकडं भाऊबीज नसती, पर हितल्या समद्या बाया ओवाळत्यात, मला बी कुनाला तरी ओवाळायचंय. बायडानं, माझ्या बायकूनं, पाट मांडला. झालं! तवापासनं सव्वीस भाऊबिजा. सव्वीस! एक चुकली न्हाई. अडीच वर्सामागं त्या डिसेंबरात, मशीद पडली तवा, चौकडं पेटलं हुतं, नगरावरनं काय काय अफवा उठत हुत्या, तवा तिच्या ओट्यावर काठी घिऊन कोन बसलं? आठ दिस, म्या. माझ्याच भावकीनं तोंडावर विचारलं, सहादेवा, तू कुनाचा? म्या म्हनलं, हितं माझी बहीन ऱ्हाती. मग मला सांगा, म्या कोन लागतो तिचा? बोला की. न्हाई, नगा बोलू, मीच सांगतो. कोनीच न्हाई! परका गडी लागतो!

शमशू गेला थंडीत. पाट फोडायला वाकला आन छातीला हात लावून तिथंच बसला, कर्जतच्या दवाखान्यात नेस्तवर संपलं समदं. खांदा दिला म्या, मूठ मूठ माती लोटली, तिथवर मला कुनी परका म्हनलं न्हाई हां. मग आला धावा दिवस. आमच्यात कसं, बहिनीचा नवरा गेला की धाव्याला भावानं लुगडं न्यायचं. दुखवटा. तिला म्हाहेर न्हाई, म्हंजी म्याच न्यायचं, न्हवं का? गेलो कर्जतला. दुकानदार पांढरं काढायला लागला, म्या म्हनलं पांढरं ठिव तुझ्यापाशी, माझ्या बहिनीचा रंग तुटू द्यायचा न्हाई मला. हिरवं घेतलं, लाल काठाचं. चांगलं दमदार सूत. काखंत मारून गेलो, मोकळ्या पायानं आत जायला लागलो, तर दारात तिचा दीर. नगरला असतो तो, वर्सातनं एकदा तोंड दावनारा. आडवा हात घातला. म्हनं, "भाई, अब्बी नक्को. वो बाहर नहीं आती." म्या म्हनलं, अरं बाबा, ती कशाला बाहेर यील, मीच आत जातोय! तर म्हनला, इद्दत हाय, गैर मर्दाच्या म्होरं बसता येत न्हाई, सख्खा भाऊ असता तर गोष्ट निराळी हुती.

सख्खा भाऊ असता तर! धा-वीस मान्सं बसली हुती वट्यावर. माझ्या भावकीतला कानिफनाथ बसला हुता, भिमाजी बसला हुता, तोंडात पान धरून बघत हुती माझ्याकडं. बरं, म्हनलं ठीक हाय, लुगडं तरी आत द्या. दिलं आत. पडद्यामागं कायतरी कुजबुज झाली, आन लुगडं तसंच्या तसं घडी घातलेलं परत आलं! म्हनं असलं नेसता येत न्हाई आत्ता. वायरमनसाहेब, तुमाला बहीन हाय का? हाय ना? तिच्या दारातनं तुमचं लुगडं परत आलं तर तुमी काय कराल? घरी येस्तवर रडलो मी, खोटं कशाला बोलू, ह्या एवढ्या मिशा घिऊन रस्त्यानं रडत आलो.

बायडा सांगायला लागली, अहो तिची चूक न्हाई, नवरा गेला की त्यांच्यात बाई चार म्हैने धा दिवस घरात बसती, उंबरा वलांडत न्हाई, रंगाचं नेसत न्हाई, परक्या गड्याच्या म्होरं येत न्हाई. म्या म्हनलं, अगं म्हाईत हाय की मला! शमशूची आय बसली हुती तशी, म्या बघितलंय, दूध दारात ठिवून याचो. परक्या गड्याच्या म्होरं! आता सांग, म्या परका का? सव्वीस वर्सं ओवाळून घेतलं त्ये कपाळ परक्याचं हुतं? तिनं आतनं नुसती हाक मारायची हुती — भाऊ, थांबा जरा — एवढं बी न्हाई. आवाज बी न्हाई. म्या दाराकडं कान लावून हुतो.

मग त्याच दुपारी पेटी उघडली आन फ्यूजा काढल्या. माझ्या पाळीला बसवायच्या, तिची पाळी आली की काढून खिशात. परक्यानं परक्यासारखं वागावं. तीनशे लिंबाची झाडं हायत तिची, ह्यो उन्हाळा, आन हा आपला भाग — तुमी येताना बघितलंच असंल. आधी पानं वळली. मग पिवळी पडली. मग फांद्यांची टोकं वाळत आली, बोरायेवढी लिंबं टपाटपा खाली. म्या रोज बांधावर उबं ऱ्हाऊन बघायचो. चांगलं वाटायचं. खरंच चांगलं वाटायचं! ती आत बसलीया, बाहेर यीता येत न्हाई, झाड बघता येत न्हाई, आन म्या बघतोय. खड्डं कुनी घेतलं हुतं त्या झाडांचं? म्या आन शमशूनं, मुरमात पहार मारून मारून हाताला फोड आलं हुतं. जळू दे म्हनलं. ईदेला तिच्या सोबतीला ऱ्हायल्याल्या जावेनं शिरखुर्म्याचा डबा धाडला बायडाच्या हातानं, म्या म्हशीच्या आंबोनात वतला. पोटभर खाल्ला म्हशीनं.

काय? ईहिरीकडची वळ? ती हिरवी कशी म्हनता? आता... ती आपली... माझ्या पाटाचं पानी झिरपत असंल तिकडं. जमीनच तशी हाय. वीस-पंचवीस झाडं हायत, त्यात काय एवढं. पयली वळ हाय ती, जुलेखानं स्वताच्या हातानं लावल्याली, लगीन हून आली त्याच वर्सी. न्हाई वो, बादलीनं कोन घालतंय! मला काय धंदे न्हाईत? येखाद्या सांजचं घातली असंल बादली, म्हशीचं उरल्यालं पानी. त्याचं काय नाव काढताय, बाकीची जळाली का न्हाई? जळाली. झालं तर मग. — बायडे! अगं, च्या आनती का इळभर लावती? चुलीपाशी दिसंना की ही.

तर परवाच्या दिवशी तिचं ते चार म्हैने धा दिवस भरलं. मला म्हाईत हुतं. दिस मोजायला काय लागतं, कालनिर्णय टांगलंय की भिताडावर. दुपारचा टाईम, म्या हितंच, ह्याच खाटंवर. आन फाटकाची कडी वाजली. वाजली की वळखली मी, ती कडी तशी वाजवनारं दुसरं कुनी न्हाई. बायडा पळाली. मी उठलो, दार लावलं आतनं. बघितलं न्हाई मी तिच्याकडं. बघनार बी न्हाई. आता दाराच्या फटीतनं दिसतं तेवढं दिसलं, डोळं काय फोडून घिऊ? वाळलीया लई. हातात काकनं न्हाईत. आन आंगावर काय असावं? तेच! लाल काठाचं हिरवं. मी ट्रंकेत टाकलं हुतं ते, ह्या बायडीनं कधी नेऊन दिलं तिला देव जानं, माझ्याच घरात फितुरी! उनात उबी ऱ्हायली आन म्हनली, "भाऊ, इद्दत सुटली माझी. पयलं पाऊल तुमच्या दारात टाकलंय. त्या दिवशी आतनं आवाज सुदीक देऊ दिला न्हाई मला, तोंडावर हात ठिवला जावेनं." ऐकलं मी. समदं ऐकलं.

मग मी काय केलं? मी बायडाला आतनं सांगितलं, म्हनलं, सांग तिला, तुझा भाऊ बसलाय. चार म्हैने धा दिवस. बायामान्साच्या म्होरं यीत न्हाई. ह्या शब्दात सांगितलं! शब्द जुळवून ठिवलं हुतं म्या, चार म्हैने रोज घोकत हुतो. कसा झाला हिशेब बरूबर? तिनं मला दारात उबं केलं, म्या तिला केलं. तासभर उबी हुती, साहेब. तासभर. चप्पल न्हाई पायात. बायडा रडती, आत बोलीवती, तर म्हनली, "नगं वैनी. बसू द्या त्यास्नी. मी बी बसले हुते." आन गेली. झालं. तवापास्नं म्या उंबरा वलांडला न्हाई. बोललो ते बोललो. आज तिसरा दिवस. म्हनून तुमाला आत बोलावलं, कळलं का आता? आन बघा, तुमच्याकडं तक्रार धाडलीच शेवटी! भाऊ भाऊ करती आन तक्रार करती. म्हनलंच हुतं मी. आना तो कागद. कुठं आंगठा पायजे माझा?

काय? — तक्रार न्हाई? मग कसला कागद? माझा चष्मा फुटलाय, तुमीच वाचा. मोठ्यानं वाचा, लाजू नगा.

हां... 'मी, जुलेखा शमशुद्दीन शेख'... म्होरं? 'माझ्या मयत पतीच्या नावे असलेले विहिरीवरील मोटारीचे कनेक्शन'... हां... 'सहादेव रंभाजी यांच्या नावावर करण्यास माझी हरकत नाही.' माझ्या नावावर? समदं? आन तिची पाळी? तिचं तीन दिवस? — पुना वाचा. न्हाई, ते मधलं. 'माझे सख्खे भाऊ.' सख्खे कुठंय? दाखवा बोट ठिवून. वर लिव्हलंय व्हय, बारीक अक्षरात, भाऊच्या डोक्यावर... मागनं घातलंय. आधी नुसतं भाऊ लिव्हलं आन मग थांबून... सातवी शिकल्याली हाय ती, अक्षर तिचंच हाय. चष्म्याबिगर बी वळखतो मी.

बघितलं? बघितलं का कशी उलटली बाई माझ्यावर? ह्याला म्हनत्यात सूड! मी चार म्हैने खपून तिची बाग जाळली आन हिनं एका वळीत — मला मारलं असतं तरी चाललं असतं, चावडीवर न्यायचं, पोलिसात द्यायचं, मी गेलो असतो की ताठ मानंनं! आता काय करू मी ह्या कागदाचं? सांगा ना, काय करू? तीस वर्सं पानी दोघांनी वाटून... आन पानी माझ्या नावावर करून ती पेनार काय? तिला लागंलच की पानी, बाग पुना लावायची तर —

काय म्हनता?

टेम्पो? कसला टेम्पो? तिच्या दारात? तुमी येताना भरत हुते? ...नगरला. दिराकडं. कायमचं. मला कुनी बोललं न्हाई. बायडे! बायडे, ह्ये काय — काय म्हनता, बायडा तिथंच हाय? टेम्पोपाशी? म्हंजी हिला म्हाईत हुतं. पदर डोळ्याला लावून उबी हुती म्हनता... मग मघापासनं मी कुनाला च्या सांगतोय.

न्हाई, सही न्हाई करनार मी. आंगठा बी न्हाई. ह्या घ्या फ्यूजा, पेटीत बसवा, तिन्ही बसवा, आन मोटर चालू करा, तिच्या बागंत सोडा पानी, पाटाची वळन फोडून द्या तिकडं, सोडा म्हनतो ना! आज कोनाची पाळी हाय ते नगा विचारू. जरा पळत जाता का? टेम्पो निगायच्या आत पाटाला पानी दिसलं पायजे तिला. आन तिला सांगा, सहादेव — सहादेव म्हनला —

न्हाई. काय सांगू नगा. माझं बसनं हाय. आज तिसराच दिवस. हॉर्न वाजला का ह्यो? जावा तुमी, जावा म्हनतो ना! आन जाताना दार वढून घ्या.