धर्मपालभाऊंचा नाकातला आवाज

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या आगाराचे व्यवस्थापक माननीय कुलदीप राऊत साहेब, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, चालक-वाहक बंधू-भगिनींनो, कार्यशाळेतल्या मेकॅनिक मंडळींनो, गाडीची वाट पाहता पाहता पंख्याखाली म्हणून आत येऊन बसलेल्या प्रवाशांनो, आणि माझ्या सासर-माहेरच्या सगळ्या माणसांनो, आपणा सर्वांना ललिता धर्मपाल खंडारे हिचा जय भीम आणि नमस्कार.

निमंत्रणपत्रिकेत 'सत्काराला उत्तर : श्री. धर्मपाल खंडारे, वाहतूक नियंत्रक' असं छापलेलं आहे. ते तसं होणार नाही, हे आपण जाणताच. सत्कारमूर्ती माझ्या उजव्या हाताला बसले आहेत. शाल अंगावर आहे, नारळ मांडीवर आहे, आणि डॉक्टरांनी त्यांना बोलायची बंदी केली आहे. कुजबुजायचीसुद्धा. मला वाटायचं हळू बोललं की गळ्याला आराम पडतो, पण कुजबुजण्यानं म्हणे ताण जास्तच येतो. म्हणून उत्तर मी देते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते, मोठ्यांपुढे बोलायची सवय नाही. मध्येच कोणाला हाताची घडी घालून बसा म्हणाले तर रागावू नका.

नितेशभाऊ, तो झेंडूचा हार जरा त्यांच्या गळ्यातून काढून घेता का? अपमान नाही हो. शिंक आली तर पंचाईत होईल. हां, टेबलावर ठेवा.

तर मंडळी, आमच्या यांचा आवाज कसा आहे, हे मी तुम्हाला काय सांगणार? नाकातला. जड. 'मूर्तिजापूर'मधला 'म' त्यांच्या तोंडून 'ब' होऊन निघायचा. लग्न झालं तेव्हा माझ्या मैत्रिणी मला चिडवायच्या, "ललिते, तुह्या नवऱ्याले बारमाही सर्दी हाये का वं?" मी हसायची. खरं म्हणजे मला वाईट वाटायचं. पण या बसस्थानकावर तोच आवाज चालला. या आवाजानं "बडनेरा मार्गे अमरावतीला जाणारी गाडी" म्हटलं, की झोपलेला माणूस उठायचा, पिशव्या उचलायचा आणि फलाटाकडे चालू लागायचा. डोळे नंतर उघडायचा.

तो आवाज कशामुळे होता? नाकाचं हाड वाकडं होतं आणि आत मांस वाढलं होतं. तोंडानं श्वास घ्यायचा, तोंड उघडं टाकून झोपायचं, सकाळी उठलं की घसा कोरडा ठाक. अलीकडे तर बसल्या जागी दम लागायला लागला. जेवताना घास चावायचा की श्वास घ्यायचा, हे ठरवावं लागायचं. शेवटी निवृत्तीच्या आधी ऑपरेशन करून मोकळं व्हावं, असं आम्ही ठरवलं. अमरावतीच्या डॉक्टर संध्या मॅडमनी सगळं समजावून सांगितलं होतं. हे त्या वेळी सुट्टी कधी मिळेल तेवढंच विचारत होते.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर यांनी पहिलं काय केलं असेल? दोन्ही नाकपुड्या पट्ट्यांनी बंद, आणि यांनी हात नेला गळ्याकडे. डोळ्यांत पाणी. गिळता येईना. झालं! आमच्या मोठ्या नणंदबाई, जाईबाई, बार्शीटाकळीहून खास आल्या होत्या, त्या कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "नाकाचं सांगतलं अन् गळ्याचं केलं काहून? बलाव त्या डॉक्टरीणले!"

मॅडम आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जाईबाई, नाकातलं रक्त पोटात, श्वासात जाऊ नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी घशात ओली पट्टी ठेवतो. श्वासासाठी नळीही घालतो. दोन्ही काढून घेतलं की घसा सोललेला राहतो. आता नाक बंद, श्वास तोंडानं, म्हणजे अजून कोरडा पडतो. काही दिवस सांभाळायचं." मग माझ्याकडे वळून सांगितलं, घोट घोट पाणी द्या, खायला मऊ आणि गार द्या. तिखट नको, गरम चहा नको, तंबाखूचा खर्रा तर नावालाही नको. डोकं उंच ठेवून झोपायचं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आणि बोलायचं नाही. "हे सगळं तुमच्या हातात आहे ताई," असं म्हणाल्या.

माझ्या हातात! अध्यक्ष महाराज, मी आपल्याला विचारते, वऱ्हाडातल्या घरात आजारी माणूस कधी एकट्या बाईच्या हातात असतो का?

घरी आलो आणि माणसं सुरू झाली. आपल्याकडे दवाखान्यातून आलेल्या माणसाला भेटायला जाणं हे कर्तव्य आहे, आणि त्या माणसानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगणं हेही कर्तव्य आहे. दारातूनच "ते बोलू शकत नाहीत" म्हटलं, तर माणूस म्हणतो, "बोलू नका भाऊ, नुसतं सांगा." मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'रुग्णास बोलण्यास मनाई आहे' असं लिहून दाराला लावलं. रस्त्यानं जाणारे लोक ते वाचून आत येऊ लागले, काय झालं म्हणून. मी यांचा फोन लपवला, तर लोक माझ्या फोनवर बोलू लागले आणि मला स्पीकर लावायला सांगू लागले. यांनी बोलायचं सोडलं, पण सगळं ऑपरेशन हातवारे करून दाखवायला लागले. लोक हसायचे, मग हेही हसायचे, मग खोकला. जाईबाईंनी प्रेमानं मिऱ्या-सुंठीचा कढत काढा पाजला. माझी पाठ फिरली होती तेवढ्यात. घशाला आग लागल्यासारखं झालं, आणि त्या बिचाऱ्या स्वतःच रडत बसल्या. त्यांना बोलू कशी? यांना आई नाही, त्यांनीच वाढवलं यांना.

आणि मग तुम्ही सगळे आलात.

नाही, खाली पाहू नका. मी तक्रार करायला उभी नाही. ड्यूटी संपवून, जीप करून तुम्ही आलात. किती बरं वाटलं होतं यांना! केळी आणली होती, नितेशभाऊंनी खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली होती आणि माझ्याकडे पाहून परत खिशात घातली होती. मी चहा ठेवायला आत गेले. एवढी माणसं घरी आली आणि चहा नाही, असं कसं करायचं? आतून मला ऐकू येत होतं. "भाऊ, आता निरोपाच्या दिवशी तुम्ही काही बोलणार नाही म्हणतात. एकदा, फक्त एकदा माइकवर लावता तशी आपली गाडी लावा ना." माझ्या हातात गाळणी होती. मी "नाही" म्हणेपर्यंत आवाज आला. पलंगावर बसून, छाती भरून, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." तुम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा यांच्या तोंडातून रक्त येत होतं.

पुढचं आपल्याला माहीत आहे. त्याच जीपमधून अमरावती. नितेशभाऊंनी गाडी कशी चालवली ते त्यांनाच ठाऊक. रक्त घशात उतरत होतं, हे गिळत होते, मग उलटी, त्यात पुन्हा रक्त. मी नुसता पदर धरून बसले होते. काही म्हणजे काही करता येत नव्हतं मला. मी देवाचं नाव घेणारी बाई नाही, पण त्या दिवशी घ्यायला कोणाचं तरी नाव असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. मॅडमनी पुन्हा भूल दिली, पुन्हा नाकात पट्ट्या, पुन्हा घशात पट्टी, पुन्हा नळी. रक्त थांबलं. पण आवाज बसला तो बसलाच.

मागच्या तपासणीला मी मॅडमना विचारलं, "आवाज येईल ना?" म्हणाल्या, घसा भरेल, आवाज येईल, घाई करू नका. मी विचारलं, "पहिल्यासारखा?" त्या म्हणाल्या, "ताई, नाक मोकळं झालंय आता. तो नाकातला आवाज कसा परत येईल? तो आवाज म्हणजेच तर आजार होता."

हे शेजारीच बसले होते. ऐकून खिडकीबाहेर पाहत राहिले. मंडळी, मला सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? अभिनंदन, तुम्हाला श्वास घेता येतो? येतोच आहे. रात्री शांत झोपतात. जेवताना भाकरीचा वास येतो म्हणून खुणेनं सांगतात. मी त्याचा आनंद मानते. पण आपल्या अख्ख्या नोकरीचा आवाज दवाखान्यात ठेवून आलेल्या माणसाची समजूत कशी घालायची, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

इकडे स्थानकावर काय चाललं होतं, ते गीतांजलीनं येऊन सांगितलं. यांच्या जागेवर आलेली ही नवी मुलगी. किती स्वच्छ आवाज आहे तिचा! आणि प्रवासी उठेचनात. बाकावर बसलेल्या पार्वताबाईंची अमरावतीची गाडी डोळ्यांसमोरून निघून गेली. गीतांजली म्हणाली, "मावशी, मी अनाउन्स केलं होतं ना." तर त्या म्हणतात, "ते का अनाउन्स होतं बाई? मले वाटलं रेडिओ लागला. धर्मपालभाऊ कुठी बोलले?"

ती पोरगी आमच्या घरी येऊन रडली. "काका, मी काय करू? लोक माह्यावर चिडून राहिले." हे ऐकत होते. मग यांनी हवेतच दोन बोटं जुळवली आणि तिच्या नाकाकडे दाखवलं. स्वतःच्या नाकाला हात लावायची यांना बंदी. तिला आधी कळेना. कळलं तेव्हा ती म्हणाली, "नाही काका, ते तुमची नक्कल केल्यासारखं होईल." यांनी मान हलवली आणि पुन्हा बोटं जुळवली. तिनं नाक चिमटीत धरलं आणि म्हणून पाहिलं. यांनी हातानं खूण केली, अजून सावकाश. 'बडनेरा'वर थांब. अमरावती लांबव. सगळा वेळ शिकवत होते, आणि चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. मी उठून आत गेले. चहा करायचा नव्हता, तरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून प्रवासी उठू लागले.

असो. वेळ फार घेतला. राऊत साहेबांनी मघापासून दोनदा घड्याळ पाहिलं आहे, आणि आम्हालाही आजच अमरावती गाठायची आहे. उद्या सकाळी मॅडम आतून दुर्बीण घालून घसा पाहणार आहेत. काय सांगतील, मला माहीत नाही. मी विचारायचं सोडून दिलं आहे. या स्थानकानं आम्हाला भाकर दिली, पोरांची शिक्षणं केली, आणि घराबाहेर या माणसाला नाव दिलं, त्याबद्दल खंडारे कुटुंबाच्या वतीनं मी आपली मनापासून आभारी आहे. ज्यांची नावं घ्यायची राहिली त्यांनी ती घेतली असं समजावं, आणि बोलण्याच्या भरात कोणाला काही लागलं असेल तर घरची बाई म्हणून सोडून द्यावं. शिवाय ...

थांबा. बाहेर आपली गाडी लागली वाटते.

ऐकताय ना गीतांजलीला? 'बडनेरा'वर थांबली पहा. आता 'अमरावती' लांबवली. गीतांजली बाई, अगदी तसंच गं. अगदी तसंच.

तुम्ही माझ्याकडे नका पाहू. यांच्याकडे पहा. नारळ खाली ठेवला, पिशवी उचलली, आणि डोळे मिटलेलेच आहेत. उठले पहा. आपलीच गाडी ऐकून उठले.

अहो, थांबा, मी आली. पिशवी द्या माह्याजवळ, ओझं उचलाची मनाई हाये तुमाले. द्या म्हणते ना.

येतो आम्ही. जय भीम.