मावशीच्या मांगरातला ग्राइंडर

...तर आज सकाळीसुद्धा मिक्सर आलाच. म्हणजे बघा, मी अजून चहात पोईचा पाव बुडवतोय आणि दारात एक बाई, काखेत मिक्सर, पिशवीत त्याची तिन्ही भांडी, "टेलरमामा, तुम्ही ग्राइंडर दुरुस्त करता म्हणे, ह्याचं पातं फिरत नाही आणि घरात पाहुणे बसलेत." आता काय सांगू? डिचोलीच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान, अर्ध्या तालुक्याची मापं मला तोंडपाठ, कोणाचं पोट कोणत्या चतुर्थीनंतर सुटलं तेही ठाऊक, पण ही एक गोष्ट मला ह्या गावाच्या गळी उतरवता आली नाही. अहो, बेंच ग्राइंडर! मधे मोटर, दोन बाजूंना दगडाची दोन चाकं, मेजावर बोल्टानं घट्ट बसवायचं, बटण दाबायचं, कोयता धरायचा की ठिणग्यांचा फवारा... वाटायचा नव्हे हो, घासायचा.

तुम्ही म्हणाल, शिंप्याला हे कशाला हवं? कात्रीला हवं. शिंप्याची अब्रू कात्रीत असते, आणि कात्रीला धार लावणारा तो सायकलवाला बाबा एकदा जो गेला तो परत आलाच नाही. मग साखळी गावातल्या एका बंद पडलेल्या गॅरेजमधून मी एक जुना ग्राइंडर उचलला, नुसता गंजाचा गोळा. घरी आणला, खरवडला, आणि खाली काय निघालं सांगू? बीड, ओतीव लोखंड. असं घट्ट, काळंभोर, सणसणीत बीड, की आजचे पत्र्याचे डबे त्याच्यापुढे लाजून मरतील. झालं, माणूस त्या दिवसापासून कामातून गेला. मग वाळपईचा आला, म्हापशाचा आला, कारापूरच्या सुताराचा आला... घराच्या मागच्या पडवीत ओळीनं बसवलेत, मी त्यांना गावाच्या नावानं हाक मारतो. आमची सुमंगला, म्हणजे आमचं कुटुंब, येईल त्याला सांगते, "दुसऱ्यांचे नवरे दारू पितात. पण ते गंज घरात आणत नाहीत."

पण मला सांगायचंय ते कोरगावच्या ग्राइंडरचं.

सुमंगलाची मावशी कोरगावला. कमलाक्षीमावशी. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आम्ही दोघं बघायला गेलो. मी जावई, म्हणजे खुर्ची, चहा, काजूगर, सगळा मान रीतसर. आता जावयानं बसावं की नाही गप्प? पण बायकांच्या गप्पा सुरू झाल्या तसा मी जरा पाय मोकळे करतो म्हणून उठलो आणि घरामागे मांगर आहे, नारळ, त्यांची सोडणं, अवजारं ठेवायची ती खोप, तिथं डोकावलो. आणि तुम्हांला सांगतो, कोपऱ्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी कोंबडीकडे बघितलंच नाही. कोंबडी कशावर बसलीय ते बघितलं. दोन चाकं... मधे पोट... पोटावर कोंबडी. हळूच हात घातला, कोंबडीनं टोचलं, पुन्हा घातला, पुन्हा टोचलं, पण बोटाला पितळी पट्टी लागली. जुन्या विलायती बनावटीचा! असला एक मिळावा म्हणून मी किती वर्षं भंगाराच्या दुकानांतून फिरत होतो, आणि तो इथं माझ्या मावससासूच्या कोंबडीखाली!

तेवढ्यात मागून दत्ताराम आला. दत्ताराम म्हणजे मावशीच्या दिराचा मुलगा, तिची सगळी देखरेख तोच करतो, चांगला आहे, पण डोक्यात एकच, पर्यटक. म्हणाला, "भावजी, ह्या मांगराची मी रूम करतंय. मस्त टायल घालतंय, जनेलाक काच. शनिवारी भंगारवालो येता, ह्यो मिक्सर तेका दितलंय, आत तांब्याची तार असता."

मिक्सर म्हणाला. ह्याला. म्हटलं, दत्ताराम, बाबा, वाटायचा नव्हे, घासायचा, आणि ह्याची तार काढलीस तर तुला नरकातसुद्धा रूम मिळणार नाही.

सरळ मावशीकडे गेलो. जावयानं कधी काही मागू नये, पण मी मागितलं. मावशीनं डोळ्यावरचा काळा चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "जावयबापू, सोवळा मागतात, अंगठी मागतात. तुमी तो दगड मागतात?" मग सगळं सांगितलं. तो ग्राइंडर मावशीच्या यजमानांचा. यशवंतकाका आमच्या डिचोलीकडच्या खाणीवर फिटर होते, तिथल्या वर्कशॉपनं टाकून दिलेला हा ग्राइंडर त्यांनी घरी आणला, आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्या वाड्याचे कोयते, विळे, कुऱ्हाडी त्यांच्याकडे. ते गेले आणि तो बंद झाला तो झालाच. मावशी म्हणाली, "न्हेया. चालू करून हाडा. मगे बघूया कोणाचो तो." दत्तारामनं तोंड उघडलं, तिनं हातानंच मिटवलं. "शिगम्यापर्यंत. चालू झालो नाय तर दी तुज्या भंगारवाल्याक."

झालं. शिगमा, आमची होळी, म्हणजे दारातच आला की हो! काजूचा हंगाम, लग्नसराईचे ब्लाऊज, दुकानात शिवणाचा डोंगर, आणि मी ग्राइंडर गोणपाटात गुंडाळून बसमध्ये. कंडक्टर म्हणतो, "काय आहे?" म्हटलं ग्राइंडर. तर पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणते, "एवढा मोठा? हॉटेल आहे तुमचं?" मी म्हटलं, बाई, वाटायचा नव्हे, घासायचा. कंडक्टरनं तो उचलून बघितला आणि त्याचं पूर्ण तिकीट फाडलं. मी म्हटलं, फाडा. मग खिडकीची जागा त्याला दिली आणि सुमंगला उभी. ती म्हापशापर्यंत माझ्याशी बोलली नाही. म्हापशाच्या पुढे बोलली, ते इथं सांगत नाही.

घरी आल्यावर कामाला लागलो. आधी पेंढा, कोंबडीची पिसं आणि एक अंडं काढलं. सुमंगला तेवढं अंडं घेऊन गेली. मग उंदरांचं घरटं. मग नट. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, चाक फिरताना नट सुटू नये म्हणून, हे मी झोपेतही सांगेन. पण गंजलेला नट उलटाही जाईना आणि सुलटाही जाईना. रॉकेल पाजलं, शेकवलं, पान्याला लोखंडी नळी लावून लोंबकळलो. शेवटी सुटला, मग लहान भाग तेवढे सुटे करून बाल्दीत घातले आणि सुमंगलानं लोणच्यासाठी आणून ठेवलेलं माडाचं विनागर, आमचं व्हिनेगर, वर ओतलं. सगळं. अहो, गंजाला विनागरासारखं औषध नाही! दोन दिवसांनी तिनं बाटली शोधली, मग बाल्दी शोधली, मग मला शोधलं. पण तुम्हांला सांगतो, त्या बाल्दीतून जे लोखंड बाहेर आलं, ते बघून तिचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. आरशासारखं. म्हणाली, "माझी पातेली कधी घातली नाहीत अशी." ह्याला मी कौतुक समजतो.

जुने दगड टिचकी मारून वाजवले. चांगला दगड घंटेसारखा वाजतो, तडकलेला बद्द वाजतो आणि तसाच फिरवला तर फुटून डोक्यात जातो. दोन्ही बद्द. नवे घेतले. बेअरिंगं बदलली, कंडेन्सर बदलला, सगळं जोडलं, देवाला नमस्कार केला, बटण दाबलं. तर... ह्म्म्म्म्. नुसता हुंकार. फिरायचं नाव नाही. एखादा सरकारी साहेब अर्ज समोर ठेवल्यावर करतो तसा. हातानं चाकाला ढकललं तर फिरतो, सोडून दिलं तर स्वतःहून सुरू होत नाही. मी तो उचलला आणि शिवदासकडे नेला. शिवदास म्हणजे बाजारात मोटरींत नवी तार भरून देणारा, माझा शाळासोबती. त्यानं उघडला, वास घेतला, म्हणाला, "कृष्णनाथ, सुरू करणारी तार जळलीय. आणि उरलेलीचाही भरवसा नाही. सोडून दे, मी तुला नवा आणून देतो." नवा. मला. म्हटलं, शिवदास, तू मोटर भर, नाहीतर मुलाच्या लग्नाचा सफारी दुसऱ्याकडून शिवून घे. मुलाचं लग्न तोंडावर होतं. शिवदासनं सगळी कामं बाजूला ठेवून मोटर भरली.

भरलेली मोटर आणली, बसवली, बटण दाबलं, आणि सुटला! पण कसा? शिगम्यातल्या रोमटाच्या मिरवणुकीसारखा. अख्खं मेज नाचतंय, वरचे पाने नाचतायत, शेजारच्या वाळपईवाल्यालाही थरथर. असला ग्राइंडर घेऊन मी कोरगावला जाऊ? लोकांचे कोयते ह्याच्यावर धरू? परत उघडला. परत बसवला. चाकाखाली कागदाची चकती घातली, चाक जरासं फिरवून बसवलं, दगडाची कड घासून गोल केली, परत चालू, परत बंद... दुकानात बायका ब्लाऊजसाठी ओरडतायत, मी पडवीत कान लावून बसलेलो. आणि एका दुपारी आवाज बदलला. बोलणं बंद करून माणूस गुणगुणायला लागतो ना, तसा.

मी खिशातून रुपया काढला, मोटरच्या पोटावर उभा ठेवला. कडेवर. ग्राइंडर पूर्ण वेगानं चालू, आणि रुपया उभा. मी श्वास धरून. रुपया उभा. मागे बघितलं तर सुमंगला दारात, पिठाच्या हातानं. तिनं पदराच्या गाठीतला स्वतःचा रुपया सोडला आणि माझ्या रुपयाच्या शेजारी उभा केला. दोन्ही उभे. इतक्या वर्षांच्या संसारात ती पडवीत आपणहून पहिल्यांदा आली होती. म्हणाली, "मावशीला फोन लावते." मग मला नाही हो, फोनवर मावशीलाच सांगत होती, "अगो मावशी, ह्यांनी केलां." तो आवाज माझ्या कानांत अजून आहे.

शिगम्याच्या आदल्या दिवशी टेम्पो करून गेलो. गडद हिरवा रंग, पितळी पट्टी लखलखीत, वर सुमंगलाची जुनी साडी झाकायला. अंगणात ठेवला, साडी काढली. मावशीनं जवळ येऊन बघितलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. म्हणाली, "हो आमचो न्हय."

म्हटलं, मावशी, तोच. "आमचो काळो होतो." तो गंज, मावशी. "तेच्यार कोंबडी बसायची." आता कोंबडी कुठून आणू? दत्ताराम मागे हसतोय. मी वायर ओढून आणली, बटण दाबलं. तो गुणगुणला. वेग धरला. मावशी तशीच उभी, तोंडावर काही नाही. मी म्हटलं, गेलं. बटण बंद केलं. आणि तुम्हांला सांगतो, चांगला ग्राइंडर बंद केला तरी लगेच थांबत नाही, बराच वेळ आपल्या नादात फिरत राहतो, आवाज हळूहळू उतरत उतरत... त्या उतरत्या आवाजाला मावशीनं मान वर केली. वळली आणि स्वयंपाकघराकडे दोन पावलं गेलीसुद्धा. मग थांबली.

म्हणाली, "तेंनी बटाण बंद केला काय मी भात वाढूक घेय. हो थांबासर पान वाढून होय, आणि ते हात धुऊन येत." म्हणजे चाकं थांबेपर्यंत यशवंतकाकांचं पान तयार. चाकं अजून फिरत होती. तिनं डोळे पुसले, ऑपरेशनच्या डोळ्याला जपून, आणि म्हणाली, "आता खूप वेळ फिरता. भात निवतलो." मी म्हटलं, मावशी, बेअरिंगं नवी आहेत. "हय, हय," म्हणाली, "बरां केलात."

आणि तो आवाज वाड्यात ऐकू गेलेला. आधी एक म्हातारा विळा घेऊन आला. मग काजूच्या बागेतले दोघं कोयते घेऊन. मग रांग. मी जावई, नवा शर्ट, आणि दुपारभर ठिणग्या. एकेक कोयता असा निघाला की अंगठ्यानं बघायचीही भीती. त्या गावात त्या दिवशी मला कोणी मिक्सरचं विचारलं नाही, एका माणसानंही नाही. दत्ताराम उभा राहून बघत होता. संध्याकाळी म्हणाला, "भावजी, रूम जरा ल्हान करतंय. ह्या कोपऱ्यात हो रवांदे." मग हळूच, "पर्यटक फोटो काढतले." असू दे. पोरगं सुधारलं, कारण कोणतंही असो.

निघताना मी मावशीच्या पाया पडलो आणि म्हटलं, मग मावशी... कोणाचा तो? ती म्हणाली, "जावयबापू, तुमचोच. पण लोकांचे कोयते खंय वचतले? रवांदे हंयच. दत्तारामाक ठिणग्यांचो भय. तुमीच येयात." म्हणजे माझा, पण तिथं. आता दर महिन्याला मी एक दिवस दुकान बंद ठेवतो, बस पकडतो, कोरगावला जातो, कोयत्यांना धार लावतो, आणि शेवटचा झाला की बटण बंद करतो. मावशी मला भात वाढते. माझ्या हातचं असं काम दुसरं नाही, आणि हे मी म्हणत नाही, तिथं पेडण्यापर्यंत लोक म्हणतात.

परवा मात्र जेवताना धीर करून विचारलं. म्हटलं, मावशी, देवानं तुम्हांला खूप आयुष्य द्यावं, पण पुढेमागे... तुमच्यानंतर... तो डिचोलीला न्यावा म्हणतो. मावशीनं माझ्या पानात आणखी एक तळलेला बांगडा वाढला. म्हणाली, "माज्या आवशीन शंभरी काढली, जावयबापू." मग जरा माझ्याकडे निरखून बघितलं. "आणि सुमी सांगी होती, तुमका बीपीच्यो गोळ्यो चालू झाल्यो?"

मी बांगडा बाजूला ठेवला. त्याला मीठ जास्त होतं.