कापसातली कोंबडी

हसू नका लेकहो, कापसाच्या गाडीत पाय ठेवाले मले अजून भेव वाटते. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतीन. नागपूरवरून हौसेनं आणलेली माही झुबकेदार कोंबडी कापसावानीच पांढरी अन् मऊ होती. देवळीच्या बाजाराले न्यायचा कापूस घरातल्या ढिगातून गाडीत भरून मी तुडवून राह्यलो होतो. तेवढ्यात बायको किंचाळली, "अवो, कोंबडी त्याच ढिगात अंड्यांवर बसली होती ना!"

माहा उचललेला पाय वरच राह्यला. दुसऱ्या पायाखाली काय असन, या विचारानं तोही हालवला नाई. बायकोनं रडत रडत ओंजळीनं गाडी उपसली. कोंबडी कुठीच नाई. शेवटी बायको घरात कोपऱ्यात उरलेला कापूस चाचपाले गेली, तर त्या कापसानं तिच्या हातावर चोच मारली.

तिथूनच ओरडली, "आता ठेवा तो पाय खाली!"