देवरावदादानं कैद्याले मारू देलं नाही

बसा जी, बसा. माह्यासाठी कोनी उठू नका. मागं बायाईले थोडी जागा द्या, त्या केव्हाच्या उन्हात उभ्या आहेत.

मी सभेत बोलनारी बाई नाही. मावला गावात माही भाजीची वाडी आहे. बाजारात भाव सांगायले जेवढं बोला लागते, तेवढंच बोलते. आज तं तेही जमून नाही राह्यलं. देवरावदादाचा फोटो समोर आहे, हार घातलेला. घरून निघतानी ठरवून आली होती, की जायचं, हात जोडायचे, अन् वापस यायचं. पन इथं जे ऐकलं, ते ऐकून बसनं झालं नाही.

आधी वकीलसाहेब बोलले. चांगले बोलले. पन साहेब, राग मानू नका, अर्धा वेळ तुमी राज्याच्या वाटनीत किनवट तिकडं मराठी मुलखात गेलं, राजुरा तिकडं गेला, आपन काऊन इकडं तेलुगू मुलखात राह्यलो, यातच घालवला. मलेही त्याचा घोर आहे. माह्या पोरीले उद्या शाळेत कोनत्या भाषेत शिकवतात, कोनाले ठावूक? पन मेलेल्या मानसाच्या फोटोसमोर नकाशा कायले उघडता?

मंग गनपतभाऊ उठले. म्हने, "देवराव देवमानूस होता. फक्त एक चूक झाली त्याच्या हातून, सरहद्दीवर तळ होता त्या वक्ताले. त्या चुकीपायी या आपल्या बहिनीचं कुंकू गेलं." अन् माह्याकडं हात केला. सगळ्या माना माह्याकडं वळल्या. कोनी चुकचुकलं.

आठ वर्सं झाली, मी हे चुकचुकनं ऐकून राह्यली. लग्नात ऐकलं, बाजारात ऐकलं, हळदीकुंकवाले तं मी जातच नाही, तरी तिथलं ऐकलं. आठ वर्सात एका मानसानं मले इचारलं नाही की बाई, तुले काय वाटते? एकानं नाही! माह्यं नाव घेऊन सगळे त्या मानसाले बोल लावत राह्यले. आज तो मेला तरी सुटला नाही. आता मी सांगते. गनपतभाऊ, तुमी समोर बसले आहा ते बरंच झालं. चुकलं तं तुमी टोका.

ज्याईले माहीत नाही त्याईच्यासाठी पहिल्यापासून सांगते.

हिंदुस्थानची फौज यायच्या आधीचा पावसाळा होता तो. आमचं गाव पैनगंगेच्या काठी, निजामाच्या राज्यात. हत्यारं घेतलेली एक टोळी गावं जाळत फिरत होती. आमी घरदार सोडून नदीपल्याड वऱ्हाडात गेलो, तिथं एका आमराईत झोपड्या टाकल्या. बाया रांधत होत्या. मानसं बंदुका शिकत होते. देवरावदादा त्या तळाचे मुखिया. कपाशीचा शेतकरी मानूस, पन सगळे त्याईचं ऐकत.

माह्या घरचे, अन् गावचे आनखी दोघं, नदी उतरून गावात गेले. सासूबाई मागं राह्यल्या होत्या, त्याईले आनायले. टोळीनं तिघाईले धरलं. सासूबाई कशातरी एकट्याच काठापर्यंत आल्या, एका नावाड्यानं त्याईले अल्याड आनलं. येऊन माह्या चुलीपाशी बसल्या. म्हने, "नेलं वं माह्या लेकाले. कोनीकडं नेलं, काही समजलं नाही."

दुसऱ्या दिवशी आपल्या पोट्ट्याईनं त्या टोळीतला एक मानूस धरून आनला. नदीवर घोड्याले पानी पाजायले आला होता. करीम त्याचं नाव. नेरडीगोंड्याकडचा. मूळचा टांगा हाकनारा, त्या टोळीत पोटासाठी घुसलेला. आपले हिंदूही होते त्या टोळीत, ते बोलायले आज कोनी तयार नाही, जाऊ द्या.

त्याले आंब्याच्या बुडाले बांधलं. तिघं कुठं आहेत, इचारलं. तो बोलेना. भीतीनं त्याचे ओठ पांढरे पडले होते, पन बोलेना. मंग गनपतभाऊनं काय केलं, सांगू? आमची चूल पेटली होती. आमी भाकरी थापून राह्यलो होतो. गनपतभाऊ आले अन् त्याईनं बैलगाडीची लोखंडी सळई आमच्या चुलीत खुपसली. चुलीवर तवा तसाच.

मी त्याईले दोष देत नाही. त्याईचा सख्खा धाकटा भाऊ त्या तिघात होता. अशा वक्ताले कोनाचं डोकं ठिकानावर राहते?

देवरावदादा आले. म्हने, "हे काय?"

गनपतभाऊ म्हनले, "तीन जीव आहेत आपले. याचं एक कातडं जळलं तं काय होते?"

"सळई काढ."

"दादा, तिकडं ते आपल्या मानसाईले काय करून राह्यले असतील? आरती ओवाळत असतील का?"

"नसतील ओवाळत."

"मंग? लढाई आहे ही. लढाईत असं चालते."

सगळे जमले होते. कोनी म्हने, बरोबर आहे. कोनी म्हने, पुरं नका जाळू, नुसता धाक दाखवा. एक म्हातारबुवा म्हनले, पाप लागते. त्याईले कोनी बोलूच देलं नाही. अन् देवरावदादा त्या सळईपाशी खाली बसले. उकिडवे. म्हने, "मी सांगतो ते ऐका, मंग काय करायचं ते करा."

त्याईनं काय सांगतलं, ते या सभेत आज कोनी बोललं नाही. म्हनून मी बोलते.

दादाले त्याच्या आदल्या साली निजामाच्या पोलिसाईनं हवालातीत ठेवलं होतं. चळवळवाल्याईले धान्य कोन पोचवते, म्हनून इचारत होते. दादाले माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तिसऱ्या खेपेले मारलं तवा दादानं आपल्या चुलतभावाचं नाव घेतलं. त्या बिचाऱ्यानं काही केलं नव्हतं. सोयऱ्याच्या घरी लग्नाले गेला होता तो. त्याले उचलून आनला, अन् तो मंग कधी नीट चालला नाही.

दादा म्हने, "मी माह्या मायचंही नाव घेतलं असतं. तेव्हा तोंडातून खरं निघत नाही अन् खोटंही निघत नाही. जे बोललं की हात थांबते, ते निघते." 

गनपतभाऊ म्हनले, "तुमचं वेगळं. तुमाले माहीत नव्हतं. याले माहीत आहे."

दादा म्हने, "असन. अन् दुसरी गोष्ट ऐक. जो मले मारत होता ना, तो पहिल्या दिवशी मारून बाहेर गेला अन् ओकला. मी ऐकलं. शेवटी शेवटी तो भाकर-कांदा खाता खाता उठून यायचा, मारायचा, हात धुऊन परत जेवायले बसायचा. हे पोट्टे सोळा-सतरा वर्साचे आहेत, गनपत. लढाई सरन. हे घरी जातील. याईले मी त्याईच्या मायपाशी काय करून पाठवू?"

 पन गनपतभाऊ गप बसनारे नव्हेत. आजही नाहीत. त्याईनं माह्याकडं पायलं अन् म्हनलं, "हिले इचारा. हिचा मानूस आहे तिकडं. ही हो म्हनली तं मारू. ही नाही म्हनली तं सोडू."

बाबांनो, मी बावीस वर्साची होती. हाताले पीठ लागलं होतं. कडेवर पोरगी. तीसेक मानसं माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. मले काय म्हनायचं होतं, ते मले माहीत होतं. माह्या मानसासाठी मी तवा काहीही म्हनली असती. मी तोंड उघडलं.

अन् देवरावदादा उठले. असे जोरात ओरडले की माही पोरगी रडायले लागली. "तिले इचारायचं नाही! जन्मभर हे तिच्या डोक्यावर ठेवता का? मुखिया मी आहे. कैद्याले कोनी हात लावनार नाही. झालं ते माह्यावर." त्याईनं हाताले धोतराचा सोगा गुंडाळला, सळई चुलीतून काढली अन् पान्याच्या घंगाळात टाकली. 

झालं ते माह्यावर. हे त्याईचे शब्द. अन् तुमी खरंच सगळं त्याईच्यावर टाकून मोकळे झाले.

पुढचंही सांगते. दादानं त्या करीमचे हात सोडले. पाय बांधलेलेच ठेवले, खुळे नव्हते ते. माह्या हातची भाकर त्याले देली. मले राग आला. माहा मानूस उपाशी असन अन् हा माही भाकर खाते! मी आदळून ठेवली त्याच्यासमोर. दादा त्याच्यापाशी बसून राह्यले. घोड्याचं बोलले, टांग्याचं बोलले, त्याच्या मायचं इचारलं. गनपतभाऊ लांबून म्हनत होते, "जावई आला दादाचा, जावई." तवापासून ते नाव पडलं ना? कैद्याचा सासरा. अजून बाजारात म्हनता तुमी लोक.

सकाळी करीम आपल्या तोंडानं बोलला. म्हने, कापसाच्या जुन्या जिनाच्या गोदामात ठेवले आहेत. आपले पोट्टे नदी उतरून गेले. टोळी पळाली. गोदाम फोडलं. दोघं जिते भेटले. माह्ये हे त्या दिवशी सकाळीच गेले होते. त्याईले आधीच लई मारलं होतं. पोट्टे पोचले तवा अंग अजून पुरं थंडही झालं नव्हतं, असं मंग मले सांगतलं.

आता तुमी हिशेब करता. संध्याकाळीच सळई लावली असती, त्यानं तवाच सांगतलं असतं, पोट्टे अंधारात पुराच्या पान्यातून उतरले असते, तं हिचा मानूस सखाराम वाचला असता. असतं, असतं, असतं! वाचलेही असते. मी नाही म्हनत नाही. तो काही भलतंच बोलला असता अन् तिघंही गेले असते, असंही झालं असतं. मले माहीत नाही. तुमाले कसं माहीत?

अन् गनपतभाऊ, एक गोष्ट मले आठ वर्सात समजली नाही. त्या दोघात तुमचा भाऊ होता. तो जिता आला. त्याचं लग्न झालं, लेकरं झाली, आज तो तिथं खांबापाशी उभा आहे. भाऊ तुमचा वाचला. मानूस माहा गेला. अन् तक्रार तुमी करून राह्यले. काऊन?

बोलू नका, बोलू नका, मीच सांगते. तीस मानसाईच्या समोर तुमच्या हातची सळई काढली, ते तुमाले लागलं. एवढंच. ते झाकायले तुमी तिथं माह्यं कुंकू आनून ठेवलं. आता ते उचला तिथून.

मी काही देवरावदादावर खूश होती, असं समजू नका. मी लई चिडली त्याईच्यावर. त्याईनं एकदाही आपली बाजू मांडली नाही. नव्या कमिटीत त्याईले घेतलं नाही, ते बोलले नाही. पोट्टे मागून हसले, ते बोलले नाही. एक डाव मी त्याईच्या वावरात जाऊन उभी राह्यली. कपाशी निंदून राह्यले होते. म्हनलं, "दादा, तुमाले वाईट वाटते का?"

म्हने, "रोज."

"मंग परत तशी वेळ आली तं मारू देसान का?"

"नाही."

"हे काय उत्तर झालं?"

म्हने, "माह्यापाशी दुसरं नाही, बाई. इथून तिथून शोधलं. नाही भेटलं."

असा मानूस! रडावं का डोकं फोडावं त्याईच्यासमोर, समजत नव्हतं. पन रागारागानं घरी आली अन् त्या रात्री नीट झोप लागली. त्याईनं मले तोंड उघडू देलं असतं अन् मी "मारा" म्हनली असती, तं त्या करीमचं कातडं माह्या शब्दानं जळलं असतं. मंग माह्ये हे वाचले असते तरी मी त्या चुलीवर भाकर कशी थापली असती? करीमचं पुढं काय झालं, ठावूक नाही. फौजेनं नेला. जिता नेला, एवढं मी पायलं.

आता शेवटचं. आपलं राज्य आलं, म्हनता ना? मागच्या आठवड्यात सडकेवरच्या एका ठाण्यात एका हमालाले धरून ठेवलं. कापसाची गाठ चोरली म्हने. त्याले मारून राह्यले. देवरावदादा तीन दिवस त्या ठाण्याच्या दारात जाऊन बसले. जमादार म्हनला, "बुढ्या, आता लढाई नाही, काऊन आला?" दादा म्हने, "लढाई होती तवाही मी हेच म्हनलं." चौथ्या दिवशी सकाळी निघायले म्हनून पायात वाहना घातल्या अन् ओट्यावरच पडले. संपले.

तो हमाल अजून आतच आहे. त्याची बायको त्या बायाईत बसली आहे. हिरवं लुगडं. कोनी पायलं का तिच्याकडं? दादाले देवमानूस म्हनायले सगळे आले, पन दादा गेल्यापासून त्या दारात कोनी बसलं नाही.

मी जाऊन राह्यली. इथूनच, सीधी. मले भाषन येत नाही, जमादाराशी बोलायचं कसं तेही येत नाही. दारात बसता येते. ज्याईले यायचं असन, या. नसन, तं नका येऊ, पन मंग मागं चुकचुकू नका.

दादा, तुमाले हात जोडते. त्या दिवशी मी तुमाले मनात लई शिव्या देल्या होत्या. तुमी माह्यासाठी ओरडले होते, हे समजायले वेळ लागला.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कोनी काही बोलू नका. त्याईच्याबद्दल बोलून बोलून आपन लई वर्सं घालवली. थोडं गप राहू.

अन् मंग निघू.