सगळी स्थळं अभिराजला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ रघुनंदनअण्णा, पुण्याहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या चंदनाताई, सत्कारमूर्ती गिरीराजसाहेब, त्यांच्या सहधर्मचारिणी नयनावहिनी, मंचावरचे मान्यवर, मंचावर खुर्ची न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत बसलेले मान्यवर, आणि मान्यवर होण्याची काडीची इच्छा नसलेले मागच्या रांगांमधले माझे मित्रहो, सर्वांना माझा सादर नमस्कार.

गिरीराजसाहेब सरकारी कारखान्यातल्या प्रदीर्घ सेवेतून निवृत्त होऊन पुण्याला निघाले आहेत. चंदनाताई तिथल्या एका मोठ्या विवाहसंस्थेच्या प्रमुख. त्या संस्थेच्या संकेतस्थळाची सगळी सूत्रं आता साहेबांच्या हाती जाणार, आणि त्यांना न्यायला त्या स्वतः बेंगळुरूला, आपल्या मल्लेश्वरमपर्यंत आल्या आहेत. एवढा मान नवरदेवालासुद्धा हल्ली मिळत नाही.

मला बोलायला सांगितलं ते साहेबांनीच. फोनवर म्हणाले, "तुमचं संस्कृत झालंय. गौरवाचे चार शब्द बोला. जरा भारदस्त होऊ द्या." म्हटलं, होऊ देतो की. मी आपल्या वार्तापत्राचा वार्ताहर. पोटासाठी एका सॉफ्टवेअर कंपनीत मदतपुस्तिका लिहितो, म्हणजे इंजिनियर मंडळी जे करून बसतात त्यामागे काहीतरी विचार असावा असं दाखवणारं भाष्य रचतो. पाठशाळेत तेच शिकलो होतो. तिथे मूळ ग्रंथात विचार असायचा, एवढाच काय तो फरक.

तर गौरव. थोड्याच वेळात जे मानपत्र अर्पण होईल त्यात साहेबांना 'मंडळाच्या संकेतस्थळाचे शिल्पकार' म्हटलं आहे. शिल्पकाराची खरी ओळख त्याच्या छिन्नीच्या घावांवरून होते. त्यातला एक घाव मी आपल्याला दाखवणार आहे.

दोन वर्षांपूर्वी आपण वधू-वर परिचयाचं पान काढायचं ठरवलं. आधी मुलांची यादी. प्रत्येक ओळीत एक मुलगा, त्याचा फोटो, शिक्षण, आणि शेवटी एक बटण, 'आवड कळवा'. बटण दाबलं की त्या मुलाच्या घरी निरोप जाणार. बनशंकरीला साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर हे काम चाललं होतं. आम्ही तिघं. साहेब, सूचना लिहायला मी, आणि कोरमंगलात पीजीत राहून एका स्टार्टअपमध्ये नोकरी करणारी आपली भव्या. सुटीच्या दिवशी दोन बस बदलून यायची. फुकट. वहिनींच्या साबुदाणावड्यांसाठी येते असं म्हणायची. वडे चांगले असतात, वहिनी, पण इतके नाहीत.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मलाही कळलं म्हणजे सोपं असणार. पानावरच्या प्रत्येक बटणाला, प्रत्येक चौकटीला एक नाव असतं. आपण सर्व्हरवर ते नाव ठेवतो, पण ब्राउझरपर्यंत पोचेस्तोवर सर्व्हर ते बदलतो. आपण मुंजीत अभिवादन करताना नुसतं नाव सांगत नाही. प्रवर सांगतो, गोत्र सांगतो, मग स्वतःचं नाव. तसंच हे बटण म्हणतं, मी अमुक पानातल्या, तमुक चौकटीतल्या, अमक्या यादीच्या पाचव्या ओळीतलं बटण. लांबलचक, कुरूप नाव. पण पाचव्या ओळीचं आणि सहाव्या ओळीचं बटण वेगळं राहतं ते या कुरूपपणामुळेच.

साहेबांनी ब्राउझरमध्ये चालणारा भाग लिहिला होता. तो आखूड नावाने हाक मारायचा, आणि सर्व्हरने नाव लांबवलेलं असल्यामुळे कुणी ओ द्यायचं नाही. साहेब संतापले. "मी ठेवलेलं नाव बदलणारा हा कोण?"

यावर उपाय आहे. सर्व्हरला सांगता येतं, बाबा रे, मी दिलेलं नाव जसंच्या तसं ठेव. त्याला ही मंडळी स्टॅटिक म्हणतात. साहेब म्हणाले, "सगळीकडे स्टॅटिक करून टाक."

भव्या म्हणाली, "सर, वरचा मेनू, सर्चची चौकट, तिथे चालेल. ते पानावर एकदाच येतं. पण लिस्टमध्ये नको. तिथे प्रत्येक रोला तेच नाव जाईल. तिथे नाव आपलंच ठेवू, पण शेवटी रोचा नंबर जोडू. तशी सेटिंग आहे."

"अपवाद केला की गोंधळ होतो. एकच नियम."

"पण सर, मग कुठलंही बटण दाबलं तरी पहिलीच रो सापडेल!"

"भव्या, मी प्रोग्राम लिहीत होतो तेव्हा तू बालवाडीत डबा सांडत होतीस."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, ऐकून तर घ्या तिचं." साहेबांनी ऐकलं नाही. पण वहिनींनी मारलेल्या त्या एका हाकेत सगळं शास्त्र आहे, मंडळी! या सभागृहात कुणी 'अहो' अशी हाक मारली तर काय होईल? निम्मे पुरुष मान वर करतील आणि मग आवाजावरून आपापली ओळखतील. ब्राउझरला आवाज ओळखता येत नाही. एकाच नावाचे पन्नास जण असले तर तो दाराशी बसलेल्या पहिल्या 'अहों'ना उठवतो आणि काम झालं म्हणतो. प्रत्येक बाईने आपल्या नवऱ्याला बोलवावं आणि दर वेळी त्या पहिल्याच गृहस्थांनी पिशवी घेऊन हजर व्हावं, असं.

आपल्या यादीत पहिलं नाव कुणाचं होतं? मुळाक्षरांप्रमाणे, अभिराजचं. साहेबांचा सख्खा पुतण्या. उभा राहा रे अभिराज, लाजू नकोस. बघा, मुलगा चांगलाच आहे. पण बेंगळुरूतल्या प्रत्येक मराठी मुलीला तोच आवडावा इतका? ज्यांनी ज्यांनी कुठलंही बटण दाबलं, त्यांचा निरोप अभिराजकडे. महिनाभर साहेब छाती काढून हिंडत होते. भाजीच्या दुकानात मला अडवून म्हणाले, "रक्तच तसं आहे आमचं." अभिराज मात्र बिचारा हवालदिल. मला म्हणाला, "काका, मी इतका देखणा असतो तर आरसा काहीतरी बोलला असता."

हसलात? आता गोजराअक्कांकडे बघा, तिसऱ्या रांगेत. त्यांचं घराणं इथे शिवकाळापासून. त्यांचा नातू क्षितिज यादीत मधोमध होता. अक्का मला म्हणाल्या होत्या, "अय्यो अण्णा, आमच्या पोराला एकबी विचारणा नाही की हो! स्वल्प बघा की, त्याच्यात काय कमी हाय?" क्षितिजने त्या महिन्यात आरशात बघणं सोडलं होतं, दाढी वाढवली होती, आणि देवळात जाणंही टाकलं होतं. त्याच्यात काही कमी नव्हतं, अक्का. तो पहिल्या ओळीत नव्हता, एवढंच.

अभिराजच भव्याकडे गेला. तिने एक सेटिंग बदलली. चहा गार व्हायच्या आत काम झालं. बातमी मात्र मंडळभर झाली, आणि वार्षिक सभेत खुलासा द्यायची वेळ आली. याच मंचावर. मी त्या पडद्यामागे माइकची वायर गुंडाळत होतो, आणि माझे कान शाबूत आहेत. साहेब भव्याला म्हणाले, "तू लहान आहेस, तुझ्या नावाला काय होतंय? माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. दोन वाक्यं बोल आणि मोकळी हो."

ती बोलली. हात जोडून बोलली. "माझ्या निष्काळजीपणामुळे सर्वांना मनस्ताप झाला." आपण सगळ्यांनी ऐकलं आणि उदार मनाने टाळ्या वाजवल्या. मी पडद्यामागून पुढे येऊन हात वर केला. सभेचं सूत्रसंचालन गिरीराजसाहेबांकडे होतं. ते म्हणाले, "वेळेअभावी चर्चा थांबवू. अल्पोपहार तयार आहे." या संस्थेच्या इतिहासात अल्पोपहार वेळेवर तयार झाल्याची ती एकमेव नोंद.

मग मी वृत्तांत लिहिला. वार्तापत्राचे संपादक गिरीराजसाहेब. 'जागेअभावी' परत. पुढच्या अंकाला पुन्हा पाठवला. जागेअभावी परत. त्या अंकात साहेबांच्या बागेतल्या जास्वंदीवर दोन पानं होती. वेळही नाही, जागाही नाही. शास्त्रातली दिक् आणि काल ही दोन्ही द्रव्यं साहेबांनी आपल्याकडे ठेवली होती. मी म्हटलं, थांबू. पाठशाळेत वाढलेल्या माणसाला थांबायची सवय असते. कधी ना कधी हे निवृत्त होतील, कधी ना कधी यांना गौरवाचे चार शब्द लागतील.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली आहे. वाचतो. 'स्वल्प आटपा.' सरी, बरं, अण्णा. आटपतो. गिरीराजसाहेब, आपण उठू नका, शाल घसरते आहे. नारळ सांभाळा.

तेव्हापासून भव्याची ओळख काय? 'तीच ना, जिने स्थळं घोळली?' तिच्या कंपनीत आपल्या मंडळाचे दोन सभासद आहेत. तिथेही हाच किस्सा जेवणाच्या सुटीत पोचला. मंडळात तिने येणं सोडलं. परवा मी आग्रह केला तेव्हा तिने विचारलं, "काका, मी आले तर लोकांना चालेल ना?" हा प्रश्न मला फार लागला. पन्नास ओळींच्या यादीत तिने एक चूक होऊ नये म्हणून जीव तोडून सांगितलं, आणि अख्ख्या सभागृहात एकट्या तिचं नाव कायमचं, न बदलता येण्यासारखं, त्या चुकीला जोडलं गेलं. ते नाव कुणी जोडलं, हे चंदनाताई, आपण नीट ऐकून पुण्याला जावं. आपल्याकडे यादी बरीच मोठी आहे असं ऐकतो.

भव्या आली आहे. खांबाजवळ बसली आहे. मान वर कर, बाळ.

कार्यक्रमपत्रिकेनुसार यानंतर सत्कारमूर्तींचं मनोगत आहे. साहेब, भाषण आपण लिहून आणलं असेल. ते ठेवा खिशात. आधी ती दोन वाक्यं बोला, जी दोन वर्षांपूर्वी आपल्या तोंडी शोभली असती. शब्द अवघड नाहीत. एका चोवीस वर्षांच्या मुलीला पाठ झाले होते. नयनावहिनी मान डोलावताहेत, म्हणजे घरातून परवानगी आहे.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि मंडळाचे आभार. गौरवासाठी उभा राहून मी जे काही बोललो त्यात औचित्यभंग झाला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर त्याबद्दल मी क्षमा मागतो. ती मी स्वतः मागतो आहे, माझ्या जागी कुणाला उभं केलेलं नाही.

या, गिरीराजसाहेब. माइक चालू आहे.