नूडल्सवर नाचणारी सुकी मासळी

हसू नका, पण इथे आखातात, जुफैरला मी सुकट भाजते ती दारं-खिडक्या लावून. शेजारचे साहेब एकदा वासाची तक्रार घेऊन आले होते ना!

परवा देवगडहून आलेल्या आईला जपानी याकिसोबा खायला नेलं. परतलेल्या गरम नूडल्सवर गुलाबी पापुद्रे वाफेने चक्क नाचत होते! आई बघतच राहिली. मग वाकून तिने वास घेतला.

"अगो, ही तर सुकी मासळी!"

आजूबाजूला अरब, फिलिपिनो, गोरे, सगळे तेच मिटक्या मारत खात होते. आईने थक्क होऊन हातच जोडले. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "भैया, ऊपरवाला थोडा और डालो!"

आमचे शेजारी!

आई म्हणाली, "उद्या दार सताड उघडं ठेवून भाज."