लॅक्लनचा नवा ड्रायव्हर

फाइफच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गोल्फ मैदानात शनिवारी रांग लागते. आज माझ्यापुढे दोन म्हातारे होते. त्यातल्या लॅक्लनने ड्रायव्हर, म्हणजे पहिल्या लांब फटक्याची काठी, पिशवीतून उपसली.

“डूगी, मी म्हातारा झालेलो नाही.”

“कोण म्हणतं?”

“दुकानातली बाई. लेकीने वाढदिवसाला दिलेला नवा ड्रायव्हर तिला दाखवला. म्हणाली, आजोबा, हा कमी फिरकीचा आहे, दणकून मारणाऱ्यांसाठी. तुमच्या फटक्याला चेंडू फिरलाच नाही तर हवेत टिकेल कसा? दगडासारखा पडणारच.”

“म्हणजे दोष काठीचा?”

“काठीचाच! आणि मी समजत होतो, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता आपलं संपलं. सगळ्या काठ्या विकायला काढणार होतो रे.”

“आणि मी शनिवारी काय करायचं? बायकोमागे पिशव्या घेऊन हिंडायचं?”

“आज जुना आणलाय. काल मारून बघितला. चेंडू थेट ओढ्यापलीकडे!”

“हुश्श! सुटलो बाबा एकदाचा.”

“तू कशातून सुटलास?”

“काही नाही. चल, आपला नंबर आला.”

“थांब. नव्यानेसुद्धा चेंडू कधीकधी लांब जायचाच की. मी लंगडत पोचेपर्यंत चांगला पुढे पडलेला असायचा.”

“असायचा खरा.”

“तू माझ्याआधी पोचायचास.”

“लॅक्लन, माझ्या उजव्या बुटाचं टोक बघ. पार झिजलंय.”